दहा शनिवार आणि ‘माझ्याशी बोलणारा दूत’

फी आठशे रुपये. त्यात दहा शनिवारचे वर्ग, ऐंशी पानांची पुस्तिका आणि मधल्या वेळेत चहा-बिस्किटं. विषय ‘भविष्यवाणी आणि देवदूत’. आमच्या उपनगरातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सभागृहात संध्याकाळी साडेपाच ते साडेसात हा वर्ग भरायचा. मागच्या पावसाळ्यात मी तो पूर्ण केला. तेव्हापासून महिला संघातल्या तिघीचौघींनी विचारलं, “ताई, पुढच्या वेळी जावं का?” प्रत्येकीला फोनवर अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

आधी माझ्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय हा वर्ग मला इतका का भिडला ते कळायचं नाही. एकतीस वर्षं मी मुंबईत कोर्टात दुभाषी होते. आई सोलापूरकडची, तिच्या माहेरी कन्नड; शाळा माझी मराठी. साक्षीदार किंवा आरोपी कन्नड बोलणारा असला की मला बोलावणं यायचं. दुभाष्याला शपथ असते: विचारलेलं आणि सांगितलेलं नीट आणि खरं पोचवीन. पदरचं काही घालायचं नाही, कठीण वाटलं म्हणून गाळायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम, तो नवीन माणसाला पहिले काही महिने जमतच नाही. साक्षीदार ‘नानु’ म्हणाला की दुभाष्याने ‘मी’ म्हणायचं. ‘तो म्हणतो की तो तिथे होता’ असं नाही. ‘मी तिथे होतो.’ माझ्या तोंडून निघालेला ‘मी’ माझा नसतो, हे अंगवळणी पडायला मला वर्ष लागलं.

पहिल्याच शनिवारी सरांनी फळ्यावर एक हिब्रू शब्द देवनागरीत लिहिला: मलाख. अर्थ दूत, निरोप्या. राजाने पाठवलेला साधा जासूदही मलाख आणि देवाने पाठवलेला स्वर्गीय दूतही मलाखच. हाग्गय संदेष्ट्याला (संदेष्टा म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणारा) त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात परमेश्वराचा दूत म्हटलंय तिथे हाच शब्द आहे आणि बायबलच्या पहिल्या भागाच्या, जुन्या कराराच्या, शेवटच्या पुस्तकाचं नाव मलाखी, म्हणजे ‘माझा दूत’. ग्रीकमध्ये अँगेलॉस, तोही मुळात निरोप्याच. “पंख डोक्यातून काढा आणि आधी काम बघा,” असं सर म्हणाले. आईच्या कन्नड बायबलात संदेष्ट्याला ‘प्रवादि’ म्हणतात, देवदूत मात्र दोन्हीकडे देवदूतच. मी वहीत पहिली ओळ तीच लिहिली.

सरांनी आयुष्यभर पाळकांना शिकवलंय. आता वय झालंय, आवाज बारीक आहे, पण बोलणं तोलून मापून. माइक चालू असला तर शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येतं. पावसात दोनदा वीज गेली तेव्हा त्यांनी सगळ्यांना खुर्च्या पुढे ओढायला लावल्या आणि मोबाइलच्या उजेडात यहेज्केल संदेष्ट्याचं पुस्तक वाचलं. तो शनिवार मी विसरणार नाही.

वर्गाची रचना उत्तम होती. बहुतेक ठिकाणी देवदूतांवर शिकवायचं म्हटलं की सरळ प्रकटीकरणाला, बायबलच्या शेवटच्या पुस्तकाला, हात घालतात आणि सात कर्णे, सात वाट्या मोजायला लागतात. इथे सुरुवात आमोसापासून झाली, आणि आमोसाच्या दर्शनांत अर्थ सांगणारा देवदूतच नाही! मुद्दा तोच होता. आमोस इ.स.पू. आठव्या शतकातला संदेष्टा. त्याला ओळंबा दिसतो, उन्हाळी फळांची टोपली दिसते, आणि “आमोसा, तुला काय दिसते?” असं परमेश्वर स्वतः विचारतो. यिर्मया संदेष्ट्यालाही बदामाची डहाळी दिसते तेव्हा विचारणारा परमेश्वरच. मध्ये कुणी नाही. मग यरुशलेम पडलं, लोक बंदिवान होऊन बाबेलला (बॅबिलोनला) गेले, काही परत आले, आणि जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकात दृश्य बदललं. पारसी राजा दारयावेशाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ५१९ च्या सुमाराला, जखऱ्याला रात्रीतून आठ दर्शनं होतात. लाल घोड्यावरचा माणूस मेंदीच्या झुडपांत उभा दिसतो. जखऱ्याला कळत नाही. तो विचारतो, “माझ्या प्रभू, हे काय?” आणि उत्तर देतो तो ‘माझ्याशी बोलणारा दूत’. नाव नाही, वर्णन नाही, पंख नाहीत. पुस्तकभर त्याची ओळख एवढीच: माझ्याशी बोलणारा.

सरांनी आमोसाचा आणि जखऱ्याचा उतारा शेजारी शेजारी छापून दिला होता. दोन रकाने, मोकळी जागा सोडून, म्हणजे आपण पेन्सिलीने खुणा कराव्यात. त्या एका कागदासाठी मी आठशे रुपये दिले असते. दर्शन तेच, प्रश्न तेच, फक्त आता मध्ये एक दुभाषी येऊन उभा राहिला आहे. का आला असेल, यावर वर्गात अर्धा तास बोलणं झालं. सरांनी नहेम्याचा आठवा अध्याय काढला: एज्रा शास्त्री नियमशास्त्र वाचतो आणि लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणारे, लोकांमध्ये फिरून अर्थ समजावून सांगतात. परदेशातून परतलेल्या माणसांना वाचलेलं समजावून द्यावं लागत होतं. पृथ्वीवर लेवी जे करत होते तेच दर्शनात देवदूत करतो, असं सर म्हणाले. ही त्यांची मांडणी, शास्त्रात असं थेट लिहिलेलं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. शिकवणाऱ्याने ‘हे वचन’ आणि ‘हे माझं मत’ वेगळं करून सांगावं, ते सर शेवटपर्यंत करत राहिले.

जखऱ्याच्या चौथ्या अध्यायात सोन्याचा दीपवृक्ष आहे आणि दोन बाजूंना दोन जैतुनाची झाडं. जखऱ्या विचारतो, हे काय? देवदूत म्हणतो, हे काय आहे ते तुला ठाऊक नाही काय? जखऱ्या म्हणतो, नाही, माझ्या प्रभू. मग उत्तर मिळतं. थोड्या वेळाने पुन्हा तसंच: ठाऊक नाही काय? नाही, माझ्या प्रभू. मी हे कितीतरी वेळा वाचलंय आणि प्रत्येक वेळी मला तो देवदूत जरा रागावल्यासारखा वाटायचा. सरांनी एका कॉलेजच्या मुलाला देवदूत केलं आणि एका मावशींना जखऱ्या, आणि तेवढंच पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचायला लावलं. तिसऱ्या वाचनात मला ऐकू आलं की तो रागावलेला नाही, तो तपासतोय. कोर्टात मीही हेच करायचे. साक्षीदाराने मान डोलावली म्हणजे त्याला प्रश्न कळला असं नसतं, म्हणून थांबून विचारायचं, “कळलं का? नाही कळलं तर नाही म्हणा.” ‘नाही’ म्हणायची मोकळीक दिल्याशिवाय समजावण्याचं काम सुरूच होत नाही.

तिसऱ्या अध्यायातलं दर्शन तर कोर्टच आहे. मुख्य याजक यहोशवा मळक्या कपड्यांत परमेश्वराच्या दूतापुढे उभा, आणि त्याच्या उजव्या हाताला आरोप करायला सैतान. तिथे हिब्रूत ‘सातान’ हा शब्द विशेषनामासारखा नाही, हुद्द्यासारखा येतो: आरोप करणारा, फिर्यादी. वर्गात हे ऐकून दोघेतिघे अस्वस्थ झाले, पण मला ते दृश्य इतकं ओळखीचं वाटलं की अंगावर काटा आला. लॉकअपमध्ये चार रात्री काढून आणलेला माणूस मी पाहिलेला आहे. कपड्यांवरूनच त्याचा निकाल लागल्यासारखं सगळे त्याच्याकडे बघतात. इथे आरोप वाचलाही जात नाही. आधी धमकावलं जातं ते आरोप करणाऱ्याला. मग मळके कपडे काढा, स्वच्छ घाला, डोक्यावर शुद्ध मंदिल ठेवा. “मंदिल घालताना दूत बाजूला उभा होता” हे शेवटचं वाक्य सरांनी दोनदा वाचलं. उभा होता, बस्स.

यहेज्केलावर दोन शनिवार दिले, ते योग्यच. यहूदाच्या यहोयाखीन राजाच्या बंदिवासाचं पाचवं वर्ष, इ.स.पू. ५९३, खबार नदीचा काठ. खबार म्हणजे बाबेलच्या मुलखातला, निप्पूरजवळचा मोठा कालवा, असं अभ्यासक मानतात. चार प्राणी, प्रत्येकाला चार तोंडं: माणूस, सिंह, बैल, गरुड. चाकात चाक, धावांवर डोळेच डोळे. पहिल्या अध्यायात यहेज्केल त्यांना नाव देत नाही, दहाव्यात म्हणतो की ते करूब (देवाच्या सिंहासनाजवळचे पंख असलेले प्राणी) होते हे मला कळलं. या वर्गाला पडद्यावर चित्रं दाखवली आणि ती मला पटली नाहीत. कुणीतरी चार तोंडं जुळवून एक भयंकर बाहुली केलेली. यहेज्केल स्वतः दर ओळीत ‘सारखे’, ‘सारखे’, ‘जणू काय’ म्हणत मागे सरतो आणि चित्र मात्र ठाम रेघा मारून मोकळं. मी सुट्टीत तसं सांगितलं. पुढच्या शनिवारी पडदा गुंडाळलेला होता.

त्याऐवजी सर रविवारी उपासनेनंतर आम्हा बाराजणांना छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात घेऊन गेले. इराकातल्या निम्रूदच्या राजवाड्यातल्या कोरीव शिळा तिथे आहेत, अश्शूरच्या (असिरियाच्या) अशुरनासिरपाल राजाच्या काळच्या, यहेज्केलाच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधीच्या. तिकडून विलायतेला जाणारा माल मुंबई बंदरातून जायचा. दगडात कोरलेले दंडाचे स्नायू, दाढीचे वळसे, मनगटावरचं कडं. बोटभर अंतरावर उभं राहून बघितलं. परत येताना फोर्टात एका जुन्या अग्यारीच्या दर्शनी भागावर पंख असलेले, माणसाच्या तोंडाचे बैल सरांनी दाखवले. त्या रस्त्याने मी कितीतरी वर्षं कोर्टात गेले आहे आणि वर मान करून कधी पाहिलं नव्हतं. राजाच्या दाराशी पहारा करणारे हे प्राणी त्या मुलखात लोकांच्या डोळ्यांसमोर होते. यहेज्केलाला दिसलं ते असं, की असल्या बलाढ्य प्राण्यांच्या वर एक सिंहासन आहे, आणि त्याला चाकं आहेत. यरुशलेमात अडकून पडलेलं नाही ते. बंदिवानांच्या छावणीपर्यंत चालत आलंय. ख्रिसमसच्या कार्डावर गुबगुबीत बाळाला पंख लावून त्याला करूब म्हणतात, ते युरोपातल्या चित्रकारांकडून आलं, खबारच्या काठावरून नाही.

या सहलीचे वेगळे पैसे घेतले नाहीत, तिकिटं ज्याची त्याने काढली.

आता खटकलं ते.

पुस्तिकेचा टाइप फार बारीक. आमच्यात निम्म्याहून जास्त साठीच्या पुढचे होते. देवदूतांची वचनं तिरप्या ठशात छापलेली, तीही फिकट. ऐंशीची शंभर पानं झाली तरी चालतील, पण अक्षर मोठं करा. शेवटच्या पानावर देवदूतांच्या नऊ श्रेणींचा तक्ता दिलाय, वर सराफीम, मग करूबीम, खाली खाली उतरत साधे देवदूत. हा तक्ता संदेष्ट्यांनी दिलेला नाही. इ.स. ५०० च्या आसपासच्या एका ग्रीक लेखकाने बायबलातली नावं गोळा करून तो लावला आणि पुढे युरोपात रूढ झाला. पुस्तिकेत तसा उल्लेख हवा होता, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं की यशया संदेष्ट्याने सराफीमांना वरचा नंबर दिलाय. यशयाच्या सहाव्या अध्यायात नंबर कुठे आहे? तिथे धुराने भरलेलं मंदिर आहे, सहा पंख आहेत, दोन पंखांनी झाकलेली तोंडं आहेत, आणि चिमट्याने उचललेला निखारा घेऊन एक सराफ यशयाच्या ओठांपाशी येतो. सराफ म्हणजे जळणारा. तोंडाला निखारा लावल्याशिवाय या माणसाला बोलायला पाठवायचं नाही, एवढंच काम तो करतो.

तसंच ‘लुसिफर’. पुस्तिकेत पडलेल्या देवदूताचं नाव म्हणून यशया १४ चा दाखला दिलाय. त्या अध्यायाच्या चौथ्या वचनात स्पष्ट आहे की हे कवन बाबेलच्या राजावर आहे. तिथे ‘प्रभातपुत्र’ म्हणण्याआधी त्याला ‘हेलेल’, म्हणजे तेजस्वी, म्हटलंय; त्या हिब्रू शब्दाला लॅटिन भाषांतरात शुक्रताऱ्याचं नाव मिळालं, लुसिफर. पुढच्या ख्रिस्ती परंपरेने तो सैतानाला लावला. परंपरा म्हणून सांगा, हरकत नाही. भाषांतरात शब्द कसा प्रवास करतो हे सांगायची किती चांगली संधी होती.

पण खरी तक्रार सहाव्या शनिवारची. सर गावाला गेले होते आणि बाहेरून एक वक्ते बोलावले. विषय दानीएलाच्या पुस्तकाचा नववा अध्याय, गब्रीएल या देवदूताने सांगितलेली सत्तर सप्तकं (सप्तक म्हणजे सातांचा गट). त्यांनी भिंतभर तक्ता लावला, त्यावर साल, बाण, राजे, युद्धं, आणि शेवटी एक वर्तुळ, आपल्या आयुष्यातच येणारं. दोन तास प्रश्न घेतले नाहीत. माझ्या शेजारी दहावीतली एक मुलगी बसली होती. ती घाबरून गेली. मला म्हणाली, “आजी, मग मी बोर्डाची परीक्षा द्यायची की नाही?” मी तिला बाहेर नेलं, पाणी दिलं आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २४ वा अध्याय काढून तिच्या हातात ठेवलं. त्या दिवसाविषयी आणि त्या घटकेविषयी स्वर्गातल्या देवदूतांनाही ठाऊक नाही, असं येशूने स्वतः सांगितलंय. देवदूतांना जे सांगितलेलं नाही ते भिंतीवर कसं लावता येईल? ती मुलगी पुढच्या शनिवारी आली नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. आयोजकांनी पुढे असा बाहेरचा वक्ता ठेवला तर त्याचा विषय आणि पद्धत आधी तपासावी, ही माझी कळकळीची विनंती.

सर परतल्यावर त्यांनी तोच अध्याय पुन्हा घेतला, रागावून नाही, शांतपणे. सप्तकांचा हिशेब त्यांनी बाजूला ठेवला आणि म्हणाले, आधी गब्रीएल काय करतो ते बघू. बायबलात नावाने भेटणारा हा पहिला देवदूत, दानीएल ८. शूशन नगरीजवळ उलई नदीच्या काठी दानीएलाला मेंढा आणि बोकड दिसतो. नदीच्या दोन काठांमधून माणसाचा आवाज येतो: गब्रीएला, याला हे दर्शन समजावून दे. हुकूम ‘भाकीत कर’ असा नाही, ‘समजावून दे’ असा आहे. आणि गब्रीएल अगदी सरळ सांगतो: मेंढा म्हणजे मेदी आणि पारसी राजे, बोकड म्हणजे ग्रीसचा राजा. जिथे सांगायचं आहे तिथे कोडं ठेवत नाही. तरीही अध्यायाच्या शेवटी दानीएल आजारी पडतो आणि लिहितो की दर्शन कळलं नाही. खुद्द गब्रीएलाने समजावल्यावरही! सरांनी इथे पुस्तक मिटलं आणि म्हणाले, दानीएलाला एवढं कबूल करायला लाज वाटली नाही.

दहाव्या अध्यायावरचा वर्ग सगळ्यात भरलेला होता. टायग्रिसच्या काठी दानीएलाचे तीन आठवडे उपासात गेलेत. मग आलेला तेजस्वी पुरुष सांगतो: पहिल्या दिवसापासून तुझे शब्द ऐकले गेले, पण पारसाच्या राज्याच्या अधिपतीने मला एकवीस दिवस अडवलं, आणि मीखाएल हा दूत मदतीला आला. वर्गात एक रिक्षा चालवणारे दादा होते, दहा आठवड्यांत त्यांनी एवढा एकच प्रश्न विचारला. “सर, माझ्या मुलाच्या आजारपणात मी आठ महिने प्रार्थना केली. मग माझं कुठे अडलं?” सभागृहात पंख्यांचा आवाज तेवढा होता. सरांनी लगेच उत्तर दिलं नाही. ते त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, “दादा, तुमचं कुठे अडलं ते मला ठाऊक नाही. या पानावर दोन गोष्टी आहेत. उशीर झाला, ही एक. आणि पहिल्याच दिवशी ऐकलं होतं, ही दुसरी. दानीएलाला दुसरी गोष्ट एकवीस दिवस ठाऊक नव्हती.” मग दोघांनी तिथेच डोळे मिटले, आणि आम्हीही. चहा त्या दिवशी कुणी घेतला नाही.

गब्रीएल पुन्हा भेटतो तो नव्या करारात, लूकच्या पहिल्या अध्यायात, धूप जाळायच्या वेळी, जखऱ्या याजकाला. (हा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप जखऱ्या, संदेष्टा जखऱ्या नव्हे. मराठीत दोघांचं नाव एकच आल्याने आमच्यात बराच घोळ झाला. पुस्तिकेत एक तळटीप टाकावी.) दानीएलाकडे तो आला होता संध्याकाळच्या अर्पणाच्या वेळी. मध्ये शतकं गेली आणि दूत तोच, वेळ प्रार्थनेचीच. दानीएल नऊ आणि लूक एक एका बैठकीत वाचायला लावले हे फार चांगलं झालं. वसईहून येणाऱ्या एका कॅथलिक बाईंनी राफाएल या देवदूताचं नाव काढलं. त्यांच्या बायबलात तोबीतच्या पुस्तकात तो आहे, आमच्या प्रॉटेस्टंट बायबलात ते पुस्तक नाही. सरांनी तेही मोकळेपणाने घेतलं, आणि यहुदी परंपरेतलं एक वाक्य सांगितलं: देवदूतांची नावं बाबेलहून परतणाऱ्यांबरोबर आली. बंदिवासातून माणसं काय काय बरोबर आणतात, याचा मी घरी जाताना ट्रेनमध्ये विचार करत बसले.

प्रकटीकरणाला शेवटचे दोनच शनिवार उरले, ते कमी पडले. कर्णे आणि वाट्या धावत झाल्या. मधासारखी गोड लागणारी आणि पोटात कडू होणारी गुंडाळी, ती देणारा बलवान देवदूत, यावर एक आख्खा तास हवा होता. पण पहिल्याच वचनातली साखळी सरांनी फळ्यावर लिहून ठेवली होती: देवाकडून येशू ख्रिस्ताला, त्याच्याकडून देवदूतामार्फत योहानाला (हे पुस्तक लिहिणाऱ्या), योहानाकडून दासांना. शेवटच्या शनिवारी बावीसावा अध्याय आला. सहाव्या वचनात देवदूत बोलतोय. सातव्यात शब्द येतात, “पाहा, मी लवकर येतो.” आठव्यात योहान म्हणतो, हे दाखवणाऱ्या देवदूताच्या पायांशी मी नमन करायला पडलो. नवव्यात देवदूत: असे करू नको. मी तुझ्या सोबतीचा दास आहे. नमन देवाला कर.

माझा हात आपोआप वर गेला. दहा आठवड्यांत मी पहिल्यांदाच वर्गात बोलले. म्हटलं, सर, योहानाचा गोंधळ का झाला ते मला कळलं. सातव्या वचनातला ‘मी’ दुभाष्याचा ‘मी’ आहे. पाठवणाऱ्याचे शब्द दूत जसेच्या तसे बोलला, आणि ऐकणाऱ्याला वाटलं हाच तो. मग मी त्यांना एक प्रसंग सांगितला. विजापूरकडचा एक म्हातारा, चोरीच्या गुन्ह्यात पकडलेला, त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारी कोर्टात मी एकटी. न्यायाधीश साहेबांचा हुकूम मी कन्नडमध्ये सांगितला, शिस्तीप्रमाणे ‘मी’ लावून: “मी तुम्हाला सोडतो आहे.” म्हातारा सरळ माझ्या पायांवर आला. त्याचे हात माझ्या चपलांवर, कपाळ फरशीवर. मी त्याला दोन्ही दंडांना धरून उठवलं आणि त्याच्या भाषेत म्हटलं, “अज्जा, माझ्या नाही. तिकडे बघा. सोडलं त्यांनी.” तो वळून बघेपर्यंत मी एक पाऊल मागे सरले होते.

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि स्वतःच्या जुन्या बायबलात, बावीसाव्या अध्यायाच्या समासात, काहीतरी लिहून घेतलं. अशीच अडचण जुन्या करारातल्या ‘शास्ते’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातही आहे असं म्हणाले. तिथे परमेश्वराचा दूत गिलगालहून बोखीमला येतो आणि म्हणतो, “मी तुम्हांला मिसरातून आणले.” कुणी म्हणतं तो दूत म्हणजे स्वतः परमेश्वरच, कुणी म्हणतं तो निरोप्या, पाठवणाऱ्याच्या नावाने बोलणारा. वाद जुना आहे, असं ते म्हणाले, पण कोर्टातला दाखला मी आज पहिल्यांदा ऐकला.

तर, जावं का? जावं. स्वतःचं बायबल घेऊन जा, मोबाइलवरचं नको, समासात लिहावं लागतं. दानीएल ७ ते १२ आणि जखऱ्याचे पहिले सहा अध्याय आधी एकदा वाचून गेलात तर दुप्पट पदरात पडेल. भिंग न्या. पावसाळ्यात जाणार असाल तर उजवीकडच्या रांगा टाळा, तिथे खिडकीतून पाणी येतं. लहान मुलांना नेण्यासारखा वर्ग नाही, पण नववी-दहावीची मुलं जरूर न्या आणि त्यांच्या शेजारी बसा. ईस्टरनंतर पुढची तुकडी सुरू होते. यावेळी प्रकटीकरणाला चार शनिवार देणार आहेत, फी हजार होईल. मी पुन्हा नाव घातलंय. त्या दहावीतल्या मुलीच्या आईशी परवा बोलणं झालं, मुलगी पास झाली. मी म्हटलं, तिला माझ्याबरोबर पाठवा, फी मी भरते.